शिवराई
शिवराई : मराठी राज्यातील तांब्याचे नाणे. रायगडावर ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पाडली. शिवराईच्या एका बाजूवर ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूवर ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे असत. तिचे वजन सर्वसाधारणपणे ११ ते १३ ग्रॅ. भरे. हाताने ठोकून पाडलेल्या या नाण्यांवर ठसा पुष्कळदा अपुरा उमटे. त्यामुळे संपूर्ण लेख असलेली नाणी थोडीच आढळतात.

पेशवाईत विविध टांकसाळींतून शिवराई निघत राहिली. लेखाच्या ओळींमध्ये दोन समांतर रेषा असलेल्या प्रकारास ‘दुदांडी’ म्हणतात. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतील चांदीचे रुपये बहुधा मोगल बादशाहाच्या नावाने पडत. कारण परिचित ठशाचा रुपया दूरच्या पेठांतही स्वीकारला जाई. स्थानिक बाजारहाटात फिरणाऱ्या तांब्याच्या नाण्यावर मात्र छत्रपतींचे नाव कायम राहिले. सार्वभौमत्वाची ही खूण अशा रीतीने सावकाराच्या तिजोरीपेक्षा सामान्य रयतेच्या हाती अधिक दिसे.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली व खानदेशासह बहुतेक मराठी मुलूख इंग्रजी अंमलाखाली गेला. १८३५ च्या कायद्याने कंपनीचे एकसारखे चलन सुरू झाले. तथापि महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही व्यवहारात होती. राज्य लयास गेल्यावरही त्याचे सर्वांत हलके नाणे दीर्घकाळ टिकून राहिले.