एक प्रस्थ साळ आणि गोमिनीचे रांधप

थ्रेड जरा मोठा आहे, सवडीने वाचावा.

परवा एका मित्राचा निरोप आला. आवडत्या मुलीला त्याने प्रथमच घरी जेवायला बोलावले होते. हलके, पचायला सोपे आणि तरीही नीटनेटके असे काय रांधावे, हा त्याचा प्रश्न. इतिहासाच्या विद्यार्थ्याला पाककृती विचारणे हा त्याचा भाबडेपणा. पण मला तत्क्षणी आठवले ते सुमारे तेराशे वर्षांपूर्वी लिहिले गेलेले एक जेवण. संस्कृत साहित्यात मेजवान्या पुष्कळ आहेत. परंतु पहिल्याच भेटीत एका तरुणीने एका तरुणासाठी केलेला साधा स्वयंपाक, तोही साळ वाळवण्यापासून पाणी वाढण्यापर्यंत पायरीपायरीने वर्णिलेला, दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’त आहे तसा मी अन्यत्र वाचलेला नाही.

दण्डी हा पल्लवांच्या कांचीतला लेखक. काळ सातव्या शतकाची अखेर ते आठव्याचा आरंभ. महाराष्ट्राच्या भाषेला श्रेष्ठ प्राकृत म्हणणारा ‘काव्यादर्श’ त्याचाच. आणि ‘दशकुमारचरिता’च्या शेवटच्या उच्छ्वासातील विदर्भाच्या कथेत वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या अस्ताचे पडसाद ऐकले, हेही आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आपली गोष्ट मात्र सहाव्या उच्छ्वासातली आहे.

कांचीच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा शक्तिकुमार. वय १८ च्या आसपास. बायकोवाचून सुख नाही, आणि वाईट बायको मिळाली तरी सुख नाही, अशा विवंचनेत तो सापडतो. दुसऱ्यांनी ठरवलेल्या सोयरिकीवर त्याचा विश्वास नाही. म्हणून तो ज्योतिषाचे सोंग घेतो, वस्त्राच्या पदरात एक प्रस्थ साळ बांधतो आणि गावोगाव हिंडू लागतो. लोक आपापल्या मुली त्याला दाखवतात. पसंत पडेल तिला तो विचारतो, ‘एवढ्या साळीत मला चांगले पोटभर जेवण घालशील?’ लोक हसतात आणि त्याला घराबाहेर काढतात. हसणाऱ्यांची बाजू मला पटते. प्रस्थ हे माप सर्वत्र एकच नव्हते. वैद्यकातल्या रूढ हिशेबाने ते पाऊण किलोच्या आसपास भरते. तेवढ्यात भात झाला असता. पण भाजी, तूप, दही, सरपण कुठून आणायचे?

शेवटी कावेरीच्या उजव्या तीरावर, शिबींच्या देशात, त्याला एक मुलगी दिसते. आईवडील गेलेले, त्यांच्यामागे संपत्तीही गेलेली, घर मोडकळीस आलेले, अंगावर मोजके दागिने. सोबतीला फक्त म्हातारी दाई. हीच गोमिनी. त्याचा प्रश्न ऐकून ती हसत नाही. दाईकडे सूचक दृष्टीने पाहते. दाई साळ हातात घेते, पाहुण्याला सडासंमार्जन केलेल्या जागी बसवते आणि पाय धुवायला पाणी देते.

पुढचे वर्णन सावकाश वाचावे. गोमिनी साळ थोडी उन्हात घालते, पुन्हा पुन्हा वरखाली करते, मग कठीण, सपाट जमिनीवर पसरून पोकळ नळीच्या पाठीने हळुवार घासते. तूस अखंड राहते आणि तांदूळ सुटा होतो. ही तुसे ती दाईकडे देते आणि सांगते: आई, दागिने उजळायला सोनारांना ही लागतात, ती विकून येणाऱ्या काकिण्यांत फार ओली नाहीत, फार वाळलेली नाहीत अशी भक्कम लाकडे, एक लहान हंडी आणि दोन परळ घेऊन ये. काकिणी म्हणजे अगदी हलके नाणे. पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त २० कवड्यांची एक काकिणी असे कोष्टक आहे.

मग अर्जुनाच्या लाकडाचे उखळ आणि लोखंडी टोकाचे खैराचे मुसळ. तांदूळ सडायचे, पाखडायचे, अनेक पाण्यांनी धुवायचे, चुलीची पूजा करायची आणि पाचपट उकळत्या पाण्यात ते वैरायचे. दाणे फुलून कळ्यांसारखे झाले की आच कमी करायची, झाकण धरून भात वेळायचा. आमच्या आजीच्या फडताळात वेळणी होती. कुकर आला आणि भांड्याबरोबर शब्दही गेला. उरलेली लाकडे गोमिनी पाण्याने विझवते. त्यांचे कोळसे होतात आणि तेही विकायला जातात. त्या पैशांत भाजी, तूप, दही, तेल, आवळे आणि चिंच येते.

पाहुण्याचे पान पाहा. आधी तेल आणि आवळ्याचा कल्क लावून स्नान. बसायला पाट, समोर अंगणातल्याच केळीचे फिकट हिरवे पान. पहिल्यांदा वाढली जाते ती पेया: वेळलेले पाणी नव्या परळात घालून, परळ ओल्या वाळूत ठेवून, ताडाच्या पंख्याने निववलेले, मीठ घातलेले, धूपाचा वास दिलेले. ती पिताच वाटसरूचा शीण उतरतो. मग दोन पळ्या भात, त्यावर तूप, वरण आणि तोंडीलावणे. उरलेला भात दालचिनी, वेलची आणि तमालपत्राची पूड घातलेल्या दह्याबरोबर, गार ताक आणि कांजीबरोबर. शेवटी अगरूचा धूप दिलेले, पाटलफुलांच्या वासाचे थंड पाणी, झारीतून बारीक धारेने.

पाटल उन्हाळ्यात फुलतो. म्हणजे कथेचा ऋतू उघड आहे आणि सगळा बेत त्या ऋतूला धरून आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त मंड, पेया, विलेपी आणि ओदन या क्रमात आधीचा पदार्थ नंतरच्यापेक्षा हलका मानला आहे. दूरवरून उन्हात चालत आलेल्या माणसाला आधी पातळ, गार आणि खारट, मग मोजका भात, शेवटी ताक: गोमिनीने वैद्यकाचा ग्रंथ उघडल्याचे दण्डी सांगत नाही, पण तिच्या हातांना तो क्रम ठाऊक आहे. कोकणात आणि गोव्यात आजही सकाळच्या कामानंतर पेज पितात. शब्दही त्याच पेयेचा.

ही गोष्ट ‘आदर्श गृहिणी कशी असावी’ याचा धडा म्हणून सांगितली जाते. कथेतही ती तशीच सांगितली आहे. एका ब्रह्मराक्षसाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. संसारी माणसाला प्रिय आणि हितकर काय? पत्नीचे गुण. तरीही मला हा धडा पुरेसा वाटत नाही, आणि त्याची कारणे त्याच उच्छ्वासात आहेत.

गोमिनीच्या लगेच आधीची कथा धूमिनीची. त्रिगर्त देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही. तिघे भाऊ धान्य संपल्यावर शेळ्यामेंढ्या, म्हशी, गाई खातात. मग दासदासी, मुले, आणि थोरल्या दोघांच्या बायका. धाकट्याची बायको धूमिनी, तिची पाळी दुसऱ्या दिवशी. त्या रात्री तो तिला घेऊन पळतो. पुढे ती त्याच्याशी क्रूरपणे वागते, म्हणून कथेचा ठपका तिच्यावर येतो. खाऊन टाकलेल्या दोघींबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. या भयाण पानांनंतर लगेच एक प्रस्थ साळीची गोष्ट यावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ‘अवन्तिसुन्दरीकथे’च्या आरंभी दण्डीचे जे आत्मवृत्त येते, त्यानुसार परचक्र आणि दुष्काळामुळे त्याला कांची सोडून कित्येक वर्षे भटकावे लागले होते. ते परचक्र बदामीच्या चालुक्यांचे असावे, असे अभ्यासक मानतात. तुसाचीही किंमत लिहिणारा हा लेखक उपासमार जवळून पाहिलेला होता.

शिवाय परीक्षा कोण घेतो आहे तेही पाहावे. शक्तिकुमार श्रीमंत आहे, आणि ते लपवून एका पोरक्या मुलीच्या दारात बसला आहे. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात निदान पोहे मुलीच्या घरचे असतात आणि मुलाची माहिती आधी कळलेली असते. गोमिनीला समोरच्याबद्दल काहीच ठाऊक नाही. परीक्षेत ती उतरते, विधिपूर्वक लग्न होते, तो तिला घरी नेतो. आणि मग तिची उपेक्षा करून एक गणिका घरात आणतो. गोमिनी त्या गणिकेशीही सखीसारखी वागते, घर सांभाळते, नोकरचाकर जिंकते, तेव्हा कुठे तो सगळा संसार तिच्या हाती सोपवतो. दण्डी याला सुखान्त मानतो. माझ्या मते त्या साळीने गोमिनीची परीक्षा झाली, शक्तिकुमाराची झालीच नाही.

कथा कल्पित आहे, हे मान्य. इतिहासाचे साधन म्हणून ती वापरताना कथानक बाजूला ठेवावे आणि जे लेखकाने सहज गृहीत धरले तेवढे उचलावे: सोनार तुसे घेतात, विझवलेल्या कोळशाला गिऱ्हाईक आहे, नदीकाठच्या गावात काकिण्यांवर तूप आणि चिंच मिळते. वाचकाला हे खोटे वाटले असते तर गोष्टच कोसळली असती.

मित्राला मी पेया, मऊ भात, वरण आणि ताक एवढाच बेत कळवला. रांधप त्याचे त्यानेच करावे, हेही.

एक तपशील मात्र राहिला. शक्तिकुमार तृप्त होऊन पाणी मागतो, तेव्हा अन्न अजून शिल्लक असते. दण्डीच्या दृष्टीने हा गोमिनीच्या हिशेबाचा कळस. त्यानंतर दाई उष्टे काढते, जमीन ताज्या शेणाने सारवते आणि पाहुणा आपले जुनेर अंथरून घटकाभर झोपतो. साळ त्याची होती, उरलेला भात त्या घरात राहिला. त्या दोघी केव्हा जेवल्या, ते दण्डीने लिहिलेले नाही.