प्रश्नाची परतवाट

२००४ च्या आरंभी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, इन्फोसिसच्या आवारातील एका बैठकखोलीत, नंदन निलेकणी यांनी थॉमस फ्रीडमन या अमेरिकी पत्रकाराला एक भिंतभर पडदा दाखवला. त्या पडद्यावर अमेरिकेतील डिझायनर, भारतातील अभियंते आणि आशियातील उत्पादक एकाच वेळी समोरासमोर येऊन बोलू शकत. वरती निरनिराळ्या देशांची वेळ दाखवणारी घड्याळे होती. जग सपाट झाल्याचे शीर्षकातच जाहीर करणारे फ्रीडमन यांचे पुस्तक पुढच्या वर्षी आले, आणि ती खोली जगभर माहीत झाली.

त्याच २००४ साली, २० सप्टेंबरला, श्रीहरिकोट्याहून सुमारे १९५० किलो वजनाचा एज्युसॅट अवकाशात गेला. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा भारताचा पहिला उपग्रह. त्याच्या सुरुवातीच्या शालेय प्रकल्पांपैकी एक इलेक्ट्रॉनिक सिटीपासून काही तासांच्या वाटेवर, कर्नाटकाच्या दक्षिण टोकाला असलेल्या चामराजनगर जिल्ह्यात राबवला गेला. तेथील आठशेहून अधिक प्राथमिक शाळांत डिश आणि दूरचित्रवाणी संच बसले व कन्नड पाठ उपग्रहावरून वर्गात उतरू लागले. मात्र शाळांना मिळालेली यंत्रणा केवळ ग्रहण करणारी होती. पाठ मुलांपर्यंत पोहोचत होता. पाठ न समजलेल्या मुलाचा प्रश्न शिकवणाऱ्यापर्यंत जाण्याची सोय त्यात नव्हती. भारतातील दूरस्थ वर्गाचा इतिहास खरे तर या परतवाटेचा इतिहास आहे.

ही वाट अरुंद राहिली, यामागे थोडे भौतिकशास्त्र आणि बरेचसे अंदाजपत्रक आहे. उपग्रहाचा संदेश झेलण्यासाठी डिश आणि स्वस्त ग्राहक संच पुरतो; एकच प्रक्षेपण शंभर शाळांनी पाहिले काय किंवा हजार शाळांनी, उपग्रहाला त्याचे काहीच नसते. उत्तर पाठवायचे म्हटले की प्रत्येक शाळेला स्वतःचा प्रक्षेपक लागतो, उपग्रहाच्या मर्यादित वारंवारता-पट्ट्यात स्वतःचा वाटा लागतो आणि यंत्रे सांभाळणारा माणूसही लागतो. शाळांच्या संख्येबरोबर हा खर्च वाढतच जातो. त्यामुळे काटकसरीची कात्री प्रथम परतवाटेवर चालते.

याची सुरुवात साइट या प्रयोगापासून झाली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. कर्नाटकातील वाट्यात सोलापूरला खेटून असलेले विजापूर व गुलबर्गा हे जिल्हे होते, आणि रायचूरही. डिश कसली, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची, तीन मीटर व्यासाची! अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यश पाल होते आणि या कार्यक्रमाचे व्यवस्थापन कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ चिटणीस यांच्याकडे होते. सकाळी शाळांसाठी विज्ञानाचे कार्यक्रम असत. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचे विज्ञान-प्रशिक्षणही याच मार्गाने झाले. आजही अभिमानाने सांगावे असे हे काम. पण प्रयोग मुळातच एकमार्गी होता, आणि त्या काळी दुसरे काही शक्यही नव्हते.

चित्र परत पाठवणे तेव्हा किती अवघड होते? दूरचित्रवाणीच्या दर्जाचे चलच्चित्र जसेच्या तसे अंकीय रूपात आणले तर सेकंदाला सुमारे १६ कोटी ६० लाख बिट लागतात. अंकीय दूरध्वनीची एक वाहिनी सेकंदाला ६४ हजार बिट वाहते. ही दरी ज्या गणिताने आटोक्यात आणली, त्याचा एक धागा बेंगळुरूत आहे. या शहरात जन्मलेले आणि येथेच अभियांत्रिकी शिकलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ मांडला. चित्रातील बहुतेक माहिती थोड्याच गुणकांत गोळा होते व डोळ्याला न जाणवणारा तपशील टाकून देता येतो, हे त्याचे मर्म. या कल्पनेसाठी अहमद यांनी मागितलेले अनुदान आधी नाकारले गेले होते. पुढे १९९० च्या सुमारास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे एच.२६१ हे मानक याच रूपांतरावर उभे राहिले.

नव्वदच्या दशकात इस्रोने मधला मार्ग काढला : चित्र एका दिशेने, आवाज दोन्ही दिशांनी. शिक्षक पडद्यावर दिसत आणि प्रशिक्षणार्थी दूरध्वनीवरून प्रश्न विचारत. पुढे परतीचा आवाजही उपग्रहावरून येऊ लागला, तेव्हा दुसरी अडचण ठळक झाली. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला आणखी पाव सेकंद. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब ०.१५ सेकंदाच्या आत असला तर संभाषण सहज वाटते. समुद्राखालील प्रकाशतंतूने बेंगळुरू ते कॅलिफोर्निया हा प्रवास साधारण एक दशांश सेकंदात होऊ शकतो. म्हणजे काळाच्या मापाने इलेक्ट्रॉनिक सिटीला कॅलिफोर्निया जवळ होते आणि उपग्रहामार्गे चामराजनगर दूर!

अर्थात अर्ध्या सेकंदाची वाट माणूस पाहू शकतो. वाटच नसेल तर काय पाहणार? एज्युसॅटवर दुहेरी संवादाची केंद्रेही होती, पण ती मुख्यतः महाविद्यालये आणि प्रशिक्षण संस्थांच्या वाट्याला आली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ प्राथमिक चाचण्यांपासून या कामात होते. वय जसे कमी, तशी बोलण्याची सोय कमी, असा हा उलटा क्रम; लहान मुलांनाच तर प्रश्न अधिक पडतात. उपग्रहाची सेवा सप्टेंबर २०१० मध्ये संपली. जमिनीवरील जाळी उभी राहायला लागलेला उशीर आणि कार्यक्रमांची वानवा यांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पुढे बोट ठेवले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तोवर परतवाटेचे तंत्र खिशात मावू लागले होते. महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ ही घोषणा झाली. फोनवरचे वर्ग भरले, आणि त्याच जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही एकमार्गी मालिकाही सुरू करावी लागली, कारण दूरचित्रवाणी अधिक घरांत होती. ‘असर’च्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र घरी फोन असूनही त्यांतील २६.१ टक्के मुलांना तो हाताळायला मिळत नव्हता.