लाथ झाडणाऱ्याचे विशेषण

इंग्रजीतल्या ‘रिकॅल्सिट्रंट’ या विशेषणाचा अर्थ कोशात हट्टी, हेकट, कोणाला न जुमानणारा असा मिळतो. मूळ मात्र गोठ्यात सापडते. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच. त्यावरून ‘रेकाल्सिट्रारे’, जनावराने मागे लाथ झाडणे. १९व्या शतकात फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत रुळला तोवर जनावर मागे पडले होते, उरला तो स्वभावावरचा शेरा. पण हा शेरा लाथ झाडणाऱ्याबद्दल जेवढे सांगतो, त्याहून अधिक त्याच्याकडून काही हवे असलेल्याबद्दल सांगतो. जेरोमच्या लॅटिन बायबलात, अनुवाद या पुस्तकात, खाऊनपिऊन माजलेली प्रजा लाथ झाडते, तिथे हेच क्रियापद आहे आणि तक्रार पोसणाऱ्याची आहे. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणणारे आपणही लाथेचे मोल दुधावरूनच ठरवतो. आणि मनावर बिंबवणे या अर्थाचे ‘इन्कल्केट’ही त्याच टाचेपासून आले, तिथे टाच दुसऱ्याच्या मनात रुतवली जाते, तरी त्या टाचेला कोणी नावे ठेवत नाही.

यावर रोमन कवी होरेसचा दाखला पुढे करता येईल. इ.स.पू. ३०च्या सुमाराच्या आपल्या उपहासकाव्यात त्याने हे क्रियापद वापरले ते ऑक्टेव्हियनसाठी, म्हणजे पुढच्या ऑगस्टस सम्राटासाठी: भलतीकडे थोपटले तर तो लाथ झाडतो. इथे लाथ सत्ताधीशाची आहे, हे खरेच. पण थोपटणारा हात कवीचा आहे आणि त्याला मर्जी हवी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: आज ती टाच कोणाच्या ध्यानात असते? व्युत्पत्तीने आजचा अर्थ सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून आजचा वापरच पाहू. १९७३ साली बीजशास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन वर्ग मांडले: वाळवून थंडीत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या ‘ऑर्थोडॉक्स’ आणि वाळवल्या की मरणाऱ्या ‘रिकॅल्सिट्रंट’. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी दुसऱ्या वर्गातल्या. आठळीने कसले बंड केले? पावसाच्या तोंडावर फळ पिकते, ओली माती समोर असते, बी लगेच रुजते. अंगातले पाणी टाकून निजून राहण्याची सोय तिच्यात नाहीच. अवज्ञा दिसते ती उणे २० अंशांच्या बियाणे-पेढीत तिला ठेवू पाहणाऱ्याला. म्हणून फणसाचे वाण जपायचे तर मुख्यतः बागेत झाडे राखावी लागतात.