भाषेतल्या भविष्यकाळामुळे बचत कमी होते का?

आपण "उद्या पाऊस पडेल" म्हणतो. जर्मन भाषेत मात्र "उद्या पाऊस पडतो" अशी रचना सर्रास चालते. एवढ्याशा फरकाचा माणसाच्या बचतीवर आणि तब्येतीवर परिणाम होतो, असा दावा एका अर्थतज्ज्ञाने केला होता.

दावा काय होता?

कीथ चेन यांचा शोधनिबंध २०१३ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये आला. भविष्याबद्दल बोलताना क्रियापदाचं वेगळं रूप वापरावंच लागत असेल, तर भविष्य लांबचं वाटतं आणि त्यासाठी आज पैसे बाजूला काढणं जड जातं, असा त्यांचा तर्क. अशी सक्ती नसलेल्या भाषा बोलणारे एखाद्या वर्षी बचत करण्याची शक्यता ३१ टक्क्यांनी जास्त आणि धूम्रपान करण्याची २४ टक्क्यांनी कमी असल्याचं त्यांना आढळलं.

मराठीचं काय?

'जाईन', 'करशील', 'येतील' अशी भविष्यकाळाची ठळक रूपं मराठीत आहेत. पण बोलताना आपण ती दरवेळी वापरत नाही. "उद्या तुळजापूरला जातो" हा वर्तमानकाळ झाला. कुणी हाक मारल्यावर घरातूनच "आलोच" म्हणतो, तो तर भूतकाळ!

धाराशिवमध्ये हे कसं तपासायचं?

जिल्ह्यातला उमरगा तालुका कर्नाटकला लागून आहे. तिथे मराठीसोबत कन्नडही कानावर पडते. बोली कन्नडमध्ये 'होगतीनि' हे एकच रूप 'रोज जातो' आणि 'उद्या जाईन' या दोन्हींसाठी चालतं. चेन यांच्या तर्काने कन्नड घरांत बचत जास्त दिसायला हवी. पण सीमेच्या दोन्ही बाजूंची कोरडवाहू शेती पावसावरच अवलंबून. शिवाय अनेकांना दोन्ही भाषा येतात. मग बचतीतला भाषेचा वाटा वेगळा कसा काढणार?

इतर संशोधन काय सांगतं?

एकाच कुळातल्या भाषा बोलणाऱ्यांच्या चालीरीतीही बऱ्याचदा सारख्या असतात. हे लक्षात घेऊन २०१५ मध्ये पुन्हा विश्लेषण झालं, तेव्हा भाषा आणि बचतीचा संबंध बराच कमकुवत ठरला. त्या अभ्यासात स्वतः चेनही सहभागी होते. दुसरीकडे, इटलीतल्या मेरान शहरात जर्मन बोलणारी मुलं इटालियन बोलणाऱ्या मुलांपेक्षा जास्त धीर धरताना दिसली. मात्र भाषेसोबत घरचं वळणही येतं.

मग आपण काय घ्यायचं?

'या लोकांना बचतीची सवयच नाही' असा शिक्का गरिबांवर सहज मारला जातो. त्याला भाषेचा आधार देण्याइतका पुरावा नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवमध्ये महिला बचत गटही आहेत. त्यातल्या बायका 'भरीन', 'फेडीन' असंच बोलतात आणि दर महिन्याला पैसे भरतातही. ठरलेली रक्कम, ठरलेला दिवस, वहीतली नोंद आणि सोबत बसलेल्या शेजारणी यांच्या बळावर ही बचत चालते.