बोटांची विद्या

आपल्या छत्रपती संभाजीनगरात लग्नाची सनई कोणी ऐकली नाही? सनईवाला जिभेने स्वर तोडतो; बॅगपाइप वाजविणाऱ्यास ती सोय नाही. पिशवीतील वारा अखंड वाहतो. म्हणून तोच स्वर पुन्हा काढावयाचा तर मध्ये बोटाने निमिषमात्र दुसरा स्वर उमटवावा लागतो. त्यास ‘ग्रेस नोट’ म्हणतात. ग्रेस म्हणजे शोभा, तशीच कृपाही.

ही विद्या जोसेफ मॅकडोनल्ड या स्कॉटिश तरुणाने १७६० साली हिंदुस्थानास येताना जहाजावर लिहून काढली. थोड्याच वर्षांत तो येथे निवर्तला. हस्तलिखित बंगाल्यात सापडले व १८०३ साली छापले गेले. आजही विद्यार्थी आधी पिशवीवाचून साध्या नळीवर बोटे घोटवितो.

बंधुभगिनींनो, श्वास देवाने दिला आहे. बोटांचा अभ्यास आपण करावयाचा आहे.