घड्याळ लावून कादंबरी लिहिणारा पोस्टातला माणूस

लेखक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रात्रीचा दिवा, गार झालेला चहा, चुरगाळलेले कागद आणि ‘मूड’ यायची वाट बघत बसलेला माणूस. आजच्या भागातला लेखक या चित्रात कुठेच बसत नाही. तो नोकरीवर जायच्या आधी, पहाटे, समोर घड्याळ ठेवून लिहायचा. हिशोब ठरलेला: पंधरा मिनिटांत २५० शब्द. अशा ४७ कादंबऱ्या त्यानं लिहिल्या. नाव अँथनी ट्रॉलप, देश इंग्लंड, काळ एकोणिसावं शतक.

ट्रॉलपचा जन्म १८१५ सालचा, लंडनचा. वडील वकील, पण वकिली चालली नाही आणि कर्ज मात्र वाढत गेलं. शेवटी देणेकऱ्यांपासून वाचायला सगळं कुटुंब बेल्जियमला गेलं. तिथं घर चालवलं ते आईनं, फ्रान्सिस ट्रॉलपनं. तिचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. आता कल्पना करा. घरात नवरा आजारी, मुलगा क्षयानं अंथरुणाला खिळलेला. ही बाई त्यांची शुश्रूषा करायची आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहायची, कारण त्या पैशांवर चूल पेटत होती. ‘मूड’ वगैरे शब्द त्या घरात कुणाला परवडणारच नव्हता. अँथनीनं हे सगळं पाहिलं होतं.

तो स्वतः १८३४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लंडनच्या पोस्टात कारकून म्हणून चिकटला. पगार वर्षाला ९० पौंड. १८४१ मध्ये आयर्लंडला बदली झाली आणि तिथं त्याचा जम बसला. पहिली कादंबरी १८४७ मध्ये आली. कुणी विचारलं नाही. पुढची काही वर्षं लिखाणातून जवळजवळ काहीच मिळालं नाही. तरी लिहिणं चालू होतं, नोकरीही चालू होती.

पोस्टाच्या कामासाठी तो सतत फिरतीवर असायचा. मग रेल्वेच्या डब्यात बसून, मांडीवर पाटी ठेवून पेन्सिलीनं लिहायचा. घरी आल्यावर बायको, रोझ, ते सगळं शाईनं उतरवून काढायची. या कामाचं श्रेय सहसा कुणी तिला देत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आणखी एक गोष्ट. रस्त्यावरच्या पत्रपेट्या ब्रिटिश टपालात आल्या त्या १८५२ मध्ये, जर्सी बेटावर, याच ट्रॉलपच्या सूचनेवरून. १८५८ मध्ये पोस्टानं त्याला इजिप्तला पाठवलं. इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी टपाल इजिप्तमधून रेल्वेनं न्यायची, त्याचा करार करायला. त्या प्रवासात बोट लागून उलट्या होत होत्या, तरी हा गडी केबिनमध्ये बसून लिहीत होता! इजिप्तमध्ये एक कादंबरी संपली आणि दुसऱ्याच दिवशी पुढची सुरू झाली.

पुढे लंडनजवळ वॉल्थम क्रॉसला राहायला आल्यावर त्याचं वेळापत्रक अगदी पक्कं झालं. पहाटे साडेपाचला टेबलाशी हजर. त्याला उठवून कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर होता, त्याला या कामाचे वर्षाला ५ पौंड जास्तीचे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचं, कानाला कसं लागतं ते बघायचं. मग साडेआठपर्यंत लेखन. म्हणजे अडीच तासांत २,५०० शब्द. नंतर कपडे बदलून नाश्ता, आणि दिवसभर नोकरी.

शिवाय एक डायरी. आठवड्याला साधारण ४० पानं, प्रत्येक पान २५० शब्दांचं. रोज किती झाली ते लिहायचं. आळस केला, तर रिकामी जागा डोळ्यांसमोर दिसणार. थोडक्यात, टपालाच्या गाडीसारखं लिखाणही वेळेवर पोचलं पाहिजे.

आता मुद्दा असा, की एवढ्या शिस्तीचा वाचकांशी काय संबंध? खूप मोठा संबंध आहे. त्या काळी कादंबऱ्या हप्त्या-हप्त्यानं छापल्या जायच्या. जानेवारी १८६० मध्ये ‘कॉर्नहिल’ मासिक निघालं, संपादक होते थॅकरे. पहिल्याच अंकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या आणि त्यात ट्रॉलपची ‘फ्रॅम्ली पार्सनेज’ सुरू झाली. पुढचा हप्ता कधी येतो, याची लोक वाट बघायचे. आपल्याकडे १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ काढलं, त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ अशीच हप्त्यांनी आली. हप्त्याचं नातं भरवशाचं असतं. लेखकानं दांडी मारली की ते तुटतं.

शिवाय ट्रॉलपनं बार्सेटशर नावाचा एक काल्पनिक जिल्हाच उभा केला होता. तीच माणसं एका कादंबरीतून दुसरीत यायची. वर्षानुवर्षं भेटून भेटून ती वाचकांची शेजारीच झाली. त्यातली एक मिसेस प्राउडी. बिशपची बायको, भयंकर खमकी, नवऱ्याला बोटावर नाचवणारी.

१८६६ सालची गोष्ट. ट्रॉलप लंडनच्या अथेनियम क्लबमध्ये लिहीत बसला होता. जवळच दोन पाद्री त्याच्या कादंबऱ्यांवर बोलत होते. तीच तीच पात्रं पुन्हा का आणतो हा माणूस? आणि ती मिसेस प्राउडी, तिचा तर वीट आलाय! ट्रॉलपला राहवलं नाही. तो उठला, तो लेखक मीच असं सांगितलं, आणि म्हणाला की घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारून टाकतो. आणि खरंच मारलं! ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’मध्ये ती मरते. नंतर मात्र त्याला तिची फार आठवण यायची, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

ही सगळी माहिती आपल्याला कुठून मिळाली? त्याच्या आत्मचरित्रातून. ते त्यानं लिहून मुलाकडे दिलं आणि मृत्यूनंतर छापायला सांगितलं. १८८२ मध्ये तो गेला, १८८३ मध्ये पुस्तक आलं. त्यात घड्याळ होतं, डायरी होती, आणि लिखाणातून मिळालेल्या ६८,००० हून जास्त पौंडांचा पुस्तकवार हिशोबही होता. लेखकाची तुलना त्यानं चक्क जोडे शिवणाऱ्या कारागिराशी केली होती. अनेक टीकाकारांनी नाकं मुरडली. हा कसला कलावंत, हा तर कारकून! त्याचं नाव बराच काळ मागे पडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मात्र इंग्लंडमध्ये लोक त्याला पुन्हा आवडीनं वाचू लागले.

मला इथं ते दोन पाद्री आठवतात. मिसेस प्राउडीवर ते चिडले होते, एखाद्या खऱ्या बाईवर चिडावं तसे. तिचा प्रत्येक शब्द घड्याळ लावून लिहिलाय, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कळलं असतं तरी तिचा राग थोडाच कमी झाला असता! टीकाकारांना घड्याळ दिसलं. पाद्र्यांना बाई दिसली होती.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी नोकरी सांभाळून लिहीत असेल, तर पंधरा मिनिटांचा टायमर लावून बघा. २५० शब्द झाले नाहीत तरी चालेल. पण उद्या पुन्हा त्याच वेळेला बसा. भेटूया पुढच्या भागात!