पानिपतची बातमी आणि नानासाहेब पेशवे

मार्च १७६० मध्ये पटदूरच्या छावणीतून सदाशिवरावभाऊंबरोबर नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव उत्तरेकडे निघाले. त्यांचा जन्म १७४२ चा. मोहिमेचे नायकत्व नावापुरते त्यांच्याकडे होते. ऑक्टोबरअखेर अहमदशाह अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली, मराठी फौजेचा दिल्लीशी संबंध तुटला आणि दक्षिणेकडे येणारी पत्रे वाटेतच अडू लागली. याच सुमारास, डिसेंबरात, पेशव्यांनी पैठणला दुसरे लग्न केले. त्याबद्दल इतिहासकारांनी त्यांना बोल लावला आहे आणि तो गैर म्हणता येत नाही. तेथून ते माळव्यात उतरले.

१४ जानेवारी १७६१ रोजी दुपारी विश्वासराव जखमी होऊन घोड्यावरून खाली आले व भाऊंनी त्यांना हत्तीवर ठेवविले, असे काशीराज पंडित लिहितो. काशीराज दक्षिणी ब्राह्मण, चाकरी अवधचे नवाब शुजाउद्दौला यांची, आणि त्याची हकीकत फारसीत आहे. लढाईनंतर ते प्रेत पाहायला छावणी लोटली. त्यात पेंढा भरून काबूलला न्यावे, असा अफगाण शिपायांचा आग्रह होता. वैर जिवंत माणसाशी असते, असे म्हणून शुजाउद्दौलांनी शाहाकडे रदबदली केली आणि विश्वासरावांना हिंदू रीतीने अग्नी मिळाला. जखमी अवस्थेत सापडलेल्या इब्राहिमखान गारद्यांना वाचविण्यासाठीही नवाबांनी खटपट केली. ती मात्र निष्फळ ठरली व कैदेतच त्यांचा अंत झाला.

यातले काही पेशव्यांना ठाऊक नव्हते. अखेर बातमी आली ती सरकारी जासुदाकडून नव्हे. औरंगाबादेस निघालेला सावकारांचा कासीद पेशव्यांच्या माणसांनी अडविला. पत्र व्यापारी सांकेतिक भाषेत होते: दोन मोती, काही मोहरा आणि हिशेब न लागणारा रुपये-खुर्दा. दुसरा मोती कोण, हे बापाला विचारावे लागले नसेल. ग्रँट डफ हा प्रसंग नर्मदा ओलांडतानाचा सांगतात, सरदेसाई २४ जानेवारीला भेलशाचा, म्हणजे आजच्या विदिशाचा. पेशव्यांच्या हालचाली पाहता सरदेसाईंचे म्हणणे अधिक जुळते.

बातमी कळूनही पेशवे परतले नाहीत. पछोरपर्यंत पुढे गेले. वाचलेले लोक ग्वाल्हेरीस गोळा होत होते, त्यांत भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. मार्चमध्ये ते दक्षिणेकडे फिरले आणि २३ जून १७६१ रोजी पुण्यास पर्वतीवर वारले. काशीराजने आपली हकीकत लिहिली ती त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १७८० मध्ये.